विम्याच्या कचेरीतील भोकांची कार्डे

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि २४५ विमा संस्थांची दप्तरे एका छपराखाली आली. कोणाचा हप्ता कधी, सूचना कोणाला पाठवायची, हे शोधण्यातच कारकुनांचे दिवस जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस महामंडळाने पंचकार्डांची यंत्रे आणली. हे संगणक नव्हेत, बरे का!

कार्डावरच्या प्रत्येक उभ्या स्तंभात एक अंक. भोक कुठे पडले यावरून तो ओळखायचा. यंत्र एका वेळी एकच स्तंभ पाहून कार्डे कप्प्यांत टाकी. मग मोठे क्रमांक ओळीने कसे लावायचे? आधी एककाच्या स्तंभावरून कप्पे पाडायचे, ते क्रमाने उचलून दशकाच्या, मग शतकाच्या. ४२, ३१, ४१, ३२ या चिठ्ठ्या वर्गात घेऊन पाहू. एककावरून ३१, ४१, ४२, ३२. त्याच दशकावरून लावल्या की ३१, ३२, ४१, ४२. उचलताना कप्प्यातला क्रम मात्र मोडायचा नाही.

१९६४ मध्ये महामंडळात संगणक आला. पण लावणे, मोजणे, लिहिणे हीच तर कारकुनांची भाकरी! कलकत्त्यात इलाको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याच दशकात इमारतीवर पहारा ठेवला. ही भीती अडाणीपणाची होती, असे आम्हांला वाटत नाही. तेव्हा सुशिक्षितांनाही नोकरी सहज मिळत नसे. कार्डयंत्रे मात्र १९८० च्या दशकात हटली, ती सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे छोटे संगणक शाखांत आल्यावर.