शिक्षकाचा ‘बाजारभाव’ कोणी ठरवला?

शिक्षकभरतीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो मांडणारे बहुधा शिकलेसवरलेले असतात. जुन्या अनुदानित शाळेतला शिक्षक लाखाच्या आसपास पगार घेतो. तेच काम दहा-बारा हजारांत करायला डी.एड., बी.एड. झालेले तरुण रांगा लावून उभे आहेत. म्हणजे शिक्षकाचा खरा भाव दहा-बारा हजारच, वरची रक्कम संघटनांनी पदरात पाडून घेतलेली. या पूर्वपक्षाला संशोधनाचीही साथ आहे, म्हणून त्याची दखल आधी तिथूनच घ्यायला हवी.

इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट झाले, पण दोन-तीन वर्षांनंतरही मुलांच्या शिकण्यात सुधारणा दिसली नाही, असा 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तो मला मान्य आहे. पण तो आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांविषयी आहे. पगार पाहून बारावीनंतरची कोणती मुले या पेशाकडे वळतील, हे इतक्या थोड्या काळात कळू शकत नाही. शिवाय पगार वाढवल्याने शिकणे सुधारले नाही, एवढ्यावरून तो कित्येक पटींनी कमी केल्याने काही बिघडणार नाही, हे कसे सिद्ध होते? दुसरा दाखला आंध्र प्रदेशातल्या प्रयोगाचा. तिथे कमी पगाराचे कंत्राटी शिक्षक नियमित शिक्षकांपेक्षा कमी गैरहजर राहिले आणि मुलांचेही भले झाले. हेही खरे. मात्र त्या शाळांना तो शिक्षक जादा दिला होता. असलेला माणूस काढून त्याच्या जागी स्वस्तातला बसवला नव्हता. हा फरक गाळून दाखला देणे गैर आहे.

आता बाजाराकडे येऊ. महाराष्ट्रात शिक्षकाच्या पगाराचा आकडा शासन ठरवते. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षे ठोक मानधन, नंतर वेतनश्रेणी. प्राथमिकच्या सेवकाला 2022 अखेरपर्यंत महिना 6,000 रुपये मिळत. सातव्या वेतन आयोगानुसार त्याच पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन 29,200. म्हणजे वर्ग तोच, पाठ तोच, निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे काम तेच, आणि पैसे मूळ वेतनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके. 2023 च्या जानेवारीपासून हे मानधन 16,000 झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटाने घ्यायचे ठरले, त्यांना महिना 20,000. निवृत्तिवेतन असलेल्याला जास्त आणि घर उभे करायला निघालेल्याला कमी! मागणी-पुरवठ्याच्या कोणत्याही नियमाने हे दोन आकडे एकत्र बसत नाहीत.

रांग लांब आहे, हे खरे. पण ती लांबली कशी? डी.एड. महाविद्यालयांना भराभर मान्यता मिळाल्या. 2011 च्या ऑक्टोबरमधल्या पटपडताळणीत बोगस पट उघडा पडला आणि 2012 च्या मे महिन्यात भरतीच थांबली. शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून मोठी निवडयादी लागली ती 2019 मध्ये. मधल्या काळात पदविका घेऊन बसलेल्या मुलामुलींची लग्ने लांबली, कित्येकांची वयोमर्यादा संपली. पुरवठा वाढवायचा, खरेदी बंद ठेवायची आणि मग भाव पडला म्हणून बोट दाखवायचे, हा न्याय नव्हे.

विनाअनुदानित शाळेतला शिक्षक तुटपुंज्या पैशांत राबतो, कारण तो भाव त्याला पटलेला असतो, असे समजणाऱ्याने त्याच्याशी कधी बोलून पाहावे. तो अनुदानाची वाट पाहत असतो. 2001 च्या सुमारास शाळांवर ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का बसला. 2009 मध्ये त्यातला ‘कायम’ गेला. 2016 मध्ये 20 टक्के अनुदान सुरू झाले आणि पुढचा प्रत्येक टप्पा आझाद मैदानावर बसून मिळवावा लागला. एवढ्या वर्षांनंतर सेवा सोडली तर मागची सगळी वर्षे वाया जातात, म्हणून माणूस टिकून राहतो. त्यातही 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक होऊनही शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली, म्हणून जुन्या निवृत्तिवेतनासाठी भांडत बसलेले शिक्षक आहेत. या माणसांच्या नाइलाजाला संमती म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पूर्ण पगार घेणाऱ्या शिक्षकाकडून कामाचा हिशेब मागायला माझी हरकत नाही; तो मागितलाच पाहिजे. पण हिशेब कामाचा मागावा, आणि तो वर्गात बसून तपासावा. नव्याचा पगार कापल्याने जुना अधिक शिकवू लागत नाही.

राहिला खासगी शाळांचा प्रश्न. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे, शाळेला अनुदान मिळो वा न मिळो, आणि त्याखालील नियमांत वेतनश्रेण्या दिलेल्या आहेत. दहा-बारा हजारांचा भाव या नियमांच्या बाहेरचा आहे. पूर्वपक्ष ज्याला बाजार म्हणतो, त्याचा मोठा भाग या कायद्याच्या न झालेल्या अंमलबजावणीवर उभा आहे. शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांचे वेतनपत्रक आणि शिक्षकांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम दरवर्षी ताडून पाहावी, आणि शासनाने सेवकाची तीन वर्षे रद्द करून पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणी द्यावी. त्यानंतर ही रांग किती उरते, ते पाहून भावाची चर्चा करू.