कुत्र्याचे जंत आणि गोचीड: पिल्लं वाचवा, घरातली मुलं आणि शेळ्या-मेंढ्याही जपा

गावाकडे घर तिथे कुत्रा आणि वस्ती तिथे दोन-तीन कुत्री असतातच. रात्रीची राखण तीच करतात, शेळ्या-मेंढ्यांमागे दिवसभर तीच फिरतात. पण औषधाचा विषय निघाला की "कुत्र्याला कशाला औषध? ते गवत खाऊन आपलं आपण बरं होतं," असं म्हणून सोडून दिलं जातं. गवत खाल्ल्याने जंत पडत नाहीत. कुत्रीची चार-पाच पिल्लं महिन्याभरात एकेक करून रोडावत जातात, तेव्हा त्यामागे अनेकदा जंतच असतात.

शिवाय हा प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही. कुत्र्याच्या पोटातले काही जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोचतात, काही शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूपर्यंत. म्हणून कुत्र्याला वेळेवर औषध देणं म्हणजे अख्खं घर आणि गोठा जपणं. कोणतं औषध कधी द्यायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते पाहू.

कुत्र्याच्या पोटात कोणते जंत होतात?

गोलकृमी: पांढरे, लांब, शेवयांसारखे दिसतात. पिल्लाच्या उलटीत किंवा विष्ठेत वेटोळे घातलेले दिसले तर ते हेच. पिल्लाला हे जंत बहुतेक वेळा आईच्या पोटातच मिळतात. कुत्रीच्या अंगात अळ्या झोपल्यासारख्या पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि पिल्लांत जातात. काही अळ्या दुधातूनही जातात. म्हणूनच "आमचं पिल्लू तर घराबाहेर गेलंच नाही, मग जंत कुठून आले?" याचं उत्तर आईपाशी असतं. पोट नगाऱ्यासारखं, पाय काडीसारखे आणि केस निस्तेज, ही गोलकृमीची खूण.

अंकुशकृमी: हे बारीक असतात, सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, पण आतड्याला चिकटून रक्त पितात. विष्ठा काळी, डांबरासारखी होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. लहान पिल्लू काही दिवसांतच दगावू शकतं. या जंतांच्या अळ्या ओल्या मातीतून थेट कातडीतूनही अंगात शिरतात.

पट्टकृमी: पट्टीसारखे चपटे जंत. शेपटीखाली किंवा कुत्रा बसतो तिथे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसतात. यातला नेहमी आढळणारा प्रकार पिसवांमधून येतो. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातला जंत त्याच्या पोटात वाढतो. त्यामुळे पिसवा घालवल्या नाहीत तर औषध देऊनही हा जंत परत येतो. दुसरे काही पट्टकृमी कच्च्या मांसातून येतात. ते जास्त धोक्याचे आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

मुलांना धोका कसा?

कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमीची अंडी मातीत पडतात. ताज्या विष्ठेतल्या अंड्यांपासून लगेच लागण होत नाही. त्यांना तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा तयार झाली की ती मातीत कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं टिकतात. बांधकामाच्या वाळूचा ढीग ही त्यांची हमखास जागा. रात्री कुत्री तिथे घाण करतात आणि दिवसा मुलं तिथेच खेळतात.

मातीचे हात तोंडात गेले की अंडी पोटात जातात. माणसाच्या पोटात हा जंत मोठा होत नाही, पण त्याच्या अळ्या अंगभर फिरतात. काळजाला, फुप्फुसाला सूज येऊ शकते. अळी डोळ्यात गेली तर त्या डोळ्याची नजर कायमची अधू होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरल्या की लाल, नागमोडी, खूप खाजणारी रेघ उठते. असं काही दिसलं तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरात कुत्रा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बोकड कापल्यावर टाकलेलं काळीज आणि मेलेल्या मेंढीचं डोकं

जत्रेत, कंदुरीला किंवा रविवारी मटण कापलं की आतडी, फोपसं, खराब काळीज कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे. काळजावर किंवा फोपशावर पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर तो भाग हमखास कुत्र्याच्या वाट्याला जातो. नेमकी हीच चूक महागात पडते.

त्या गाठीत एका छोट्या पट्टकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात हजारो जंत तयार होतात, पण कुत्रा मात्र धडधाकट दिसतो. त्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात तशीच पाण्याची गाठ वाढू लागते. ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि बऱ्याचदा सोनोग्राफीतच कळते. अनेकांना ऑपरेशन करावं लागतं. गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं.

दुसरा एक पट्टकृमी मेंढपाळांना चांगलाच ओळखीचा आहे, फक्त तो कुत्र्याकडून येतो हे अनेकांना ठाऊक नसतं. मेंढी किंवा शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरते, मान वाकडी धरते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, कळपातून मागे पडते. तिच्या मेंदूत पाण्याची गाठ झालेली असते. चरताना गवताला लागलेली कुत्र्याच्या जंताची अंडी तिच्या पोटात गेलेली असतात. अशी मेंढी मेली आणि तिचं डोकं कुत्र्याने फोडून खाल्लं की चक्र पुन्हा सुरू होतं.

हे चक्र तोडायला दोनच गोष्टी लागतात:

- कच्चं काळीज, फोपसं, आतडी, डोकं कुत्र्याला टाकू नका. खड्डा खोल घेऊन पुरा, वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. द्यायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून द्या.
- कळपाबरोबर फिरणाऱ्या आणि मटणाच्या दुकानाजवळ वावरणाऱ्या कुत्र्यांना पट्टकृमीचं औषध दर दीड महिन्याने द्या.

जंताचं औषध कधी द्यायचं?

- पिल्लं: पहिला डोस पंधराव्या दिवशी. मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला. त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. पहिला डोस इतक्या लवकर का? कारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लाच्या विष्ठेत अंडी पडायला लागतात.
- पिल्लांची आई: पिल्लांना डोस द्याल त्याच दिवशी तिलाही द्या. कुत्री गाभण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच औषध द्या.
- मोठी कुत्री: दर तीन महिन्यांनी. तारखा लक्षात राहत नसतील तर सण धरा. पाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत. या चौघांत साधारण तीन-तीन महिन्यांचंच अंतर असतं.

कोणतं आणि किती?

गोलकृमी आणि अंकुशकृमीसाठी पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल, पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल. मोठ्या कुत्र्यांसाठी ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्या दर १० किलो वजनाला एक अशा असतात, तरी पाकीट वाचल्याशिवाय देऊ नका. लहान पिल्लांसाठी पातळ औषध मिळतं.

डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाजाने देऊ नका. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग कुत्र्याला उचलून उभे राहा. तुमचं वजन ६२ आणि दोघांचं मिळून ८० भरलं, तर कुत्रा १८ किलोचा. गोळी भाकरीच्या किंवा गुळाच्या तुकड्यात दडवून द्या आणि ती गिळली की नाही ते बघा.

औषधाआधी उपाशी ठेवायची किंवा नंतर जुलाब द्यायची गरज नाही. विष्ठेत जंत दिसले नाहीत म्हणजे औषध वाया गेलं असंही नाही, काही जंत आतच विरघळतात. मात्र औषधाचा असर पुढे टिकत नाही. आज पोट साफ झालं तरी उद्या घाणीतून परत लागण होते. म्हणून वर्षातून एकदा देऊन भागत नाही.

पिल्लू फार अशक्त असेल, पोट टम्म फुगलं असेल, तर घरी औषध देऊ नका. एकदम मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. असं पिल्लू दवाखान्यातच न्या.

गोचीड, पिसवा आणि लूत

गोचीड फक्त रक्त पीत नाही, तापही देते. अंगावर गोचिडी आहेत, कुत्रा खात नाही, अंग तापलं आहे, नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे डाग दिसतात किंवा लघवी गडद चहासारखी होते, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त तपासून वेळेत औषध सुरू केलं तर बहुतेक कुत्री वाचतात. गोळ्या तीन-चार आठवडे चालतात. दोन दिवसांत कुत्रा खायला लागला म्हणून मध्येच बंद करू नका.

गोचीड कानात, मानेखाली, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका. गोचिडीची एक मादी हजारो अंडी घालते, तीही अंगावर नाही तर भिंतीच्या फटीत आणि दगडांखाली. म्हणून कुत्रा बसतो ती जागा झाडा, फटी लिंपून घ्या, पोतं-गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पिसवांनाही हाच उपाय. सोबत डॉक्टर सांगतील ते मानेवर टाकायचं किंवा तोंडावाटे द्यायचं औषध द्या.

केस जाऊन कातडी जाड झाली, खपल्या धरल्या आणि कुत्रा सारखा खाजवत असेल तर ती लूत. तिच्या एका प्रकाराने घरातल्या माणसांनाही खाज सुटते. कोणता प्रकार आहे हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळतं आणि त्यावर औषध ठरतं.

हे अजिबात करू नका

- जळकं ऑइल, रॉकेल, डिझेल चोळणं: लुतीवर सर्रास केलं जातं. कातडी भाजते आणि कुत्रा अंग चाटून विष पोटात घेतो.
- पिकावरचं कीटकनाशक फवारणं: यानेही विषबाधा होते.
- गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजाने लावणं: प्रमाण चुकलं तर लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. असं झालं तर अंग साबण-पाण्याने धुवा, चाटू देऊ नका आणि ताबडतोब दवाखाना गाठा.
- गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन स्वतः देणं: जास्त झालं तर कुत्रा लडखडतो, आंधळा होऊ शकतो, मरूही शकतो. कोली जातीच्या कुत्र्यांना थोडंही बाधू शकतं.
- लसूण-कांदा खायला घालणं: जंत पडत नाहीत, उलट कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.
- कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावणं: काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरासाठी जीवघेणं असतं.

अंगणात एवढं पाळा

कुत्र्याची घाण रोजच्या रोज उचला आणि खोल पुरा, भाजीच्या वाफ्यात किंवा खतात टाकू नका. वाळूचा ढीग ताडपत्रीने झाका. मुलांना चपला घालायला आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावा. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांनी धुवा. शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी मुलांना जरूर द्या, पण तिच्या भरवशावर कुत्र्याचं औषध टाळू नका. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

मदत कुठे मिळेल?

तुमच्या भागातल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात कुत्र्यांनाही तपासतात. जिथे फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा सुरू आहे, तिथे १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून विचारता येतं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यायची असते. त्यासाठी जाल तेव्हा कुत्र्याचं वजन करून घ्या आणि जंताच्या पुढच्या डोसची तारीखही लिहून घ्या. गल्लीत चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी सगळ्या कुत्र्यांना औषध दिलं तर फरक जास्त पडतो, कारण कुत्री काही आपल्याच अंगणात राहत नाहीत.