जुन्या शिकारी रायफलीची साक्ष



इतिहास म्हटला की राजांच्या सनावळ्या, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु इतिहास घरातल्या वस्तूंतही असतो. आपल्या परभणी जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत, मग ते जहागीरदारांचे असोत वा देशमुखांचे, दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी शिकारी रायफल टांगलेली असे आणि शेजारी काळविटाची पिळदार शिंगे. पाहुणे आले की घरातील बुजुर्ग त्या रायफलीचे किस्से रंगवून सांगत. आज ते सांगणारे बहुतेक निघून गेले. ज्या थोड्या घरांत ती रायफल उरली आहे, तेथील मुलांना ती एक गंजलेली नळी वाटते. या रायफलीला बोलते केले तर ती आपल्याला काय सांगेल, याचा विचार या लेखात करू या.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिकार हा त्या दरबाराचा मोठा शौक. सहावे निजाम मीर महबूब अली खान (१८६६-१९११) हे नामांकित शिकारी होते आणि दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्या काळच्या शिकारींची छायाचित्रे टिपून ठेवली आहेत. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन संस्थानात शिकारीला आले होते. मारलेल्या वाघाजवळ उभे असलेले व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नी, हे छायाचित्र आजही पुस्तकांत छापले जाते. दरबाराचे पाहून जहागीरदारांनी आणि त्यांचे पाहून गावच्या मातब्बरांनी बंदुका घेतल्या. रायफल ही प्रतिष्ठेची खूण ठरली.

मात्र अशा छायाचित्रांत एक माणूस क्वचितच दिसतो. तो म्हणजे हाका करणारा. ढोल बडवीत, काट्याकुट्यांतून जनावर उठवीत तो पायी चाले. जिवाला धोका त्याला आणि नाव मात्र साहेबाचे. आपल्या माळरानावर फासे लावून हरणे धरणारा पारधीही असाच विसरला गेला. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. पारधीही पुढे त्यात आले आणि हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. काळवीट तेच, माळ तोच. बंदुकीने मारणारा शौकीन ठरला आणि फाशाने धरणारा चोर! विद्यार्थी मित्रांनो, इतिहास वाचताना अशा जागी क्षणभर थांबत जा.

रायफलीच्या नळीवर तिच्या बोअरचा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्यातही राजकारण दडलेले आहे. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी बंडखोरांच्या हाती काडतुसे पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ साली हिंदुस्थानात ४५० बोअरला बंदी केली. लगेच विलायती कारखानदारांनी ४७० आणि ४६५ बोअरच्या शिकारी रायफली काढल्या. ३०३ हे फौजेचे काडतूस, म्हणून तेही सामान्य नागरिकाला मिळेना. त्यामुळे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ बोअरची शिकारी रायफल तयार होऊ लागली. राज्यकर्त्याला प्रजेची किती भीती वाटते, हे असे नळीवरच्या आकड्यावरून कळते.

मग १९४८ साल आले. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांनी केलेले जुलूम आणि त्यानंतर निरपराध मुसलमानांवर गुदरलेले प्रसंग, या दोहोंच्या आठवणी मराठवाड्याच्या घराघरांत आहेत. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला व २०१३ साली अभ्यासकांना पाहावयास मिळाला. शेजारच्या मुसलमानांना जिवाची पर्वा न करता आसरा देणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. त्या दिवसांत भिंतीवरच्या रायफलीने कोणाचे रक्षण झाले नाही. जे वाचले ते शेजाऱ्याने दार उघडले म्हणून वाचले. १९४९ साली जहागिरी संपल्या आणि शिकारीचा तो थाटही संपला.

आता दुसऱ्या एका बंदुकीची गोष्ट ऐका. मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाजवळ छोटी हवेची बंदूक होती. तिने त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, असे त्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांना विचारले. मामांनी त्याला न रागावता, न टाळता, चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठविले. तेथे त्या मुलाने कपाटे भरून जतन केलेले पक्षी पाहिले आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. हा मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली (१८९६-१९८७). विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना सरकारी संशोधन खात्यात नोकरी मिळाली नव्हती. पुढे १९३१-३२ साली त्यांनी आपल्याच हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तेही पक्षी बंदुकीनेच टिपीत. परंतु प्रत्येक पक्ष्याला चिठ्ठी बांधून तारीख, ठिकाण आणि तपशील लिहून ठेवीत. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. नवाबांनी टिपलेल्या जनावरांची शिंगे कसर लागून गेली. सालिम अलींच्या नोंदी नव्वद वर्षांनंतरही अभ्यासकांच्या कामी येतात. पालक बंधु-भगिनींनो, मामांच्या त्या एका चिठ्ठीचे मोल किती, हे तुम्हीच ठरवा.

नोंदी नसल्या की काय होते? आपल्या देशातील अखेरचे चित्ते १९४७ साली रायफलीला बळी पडले आणि १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत सोडण्यात आले, तो दिवस नेमका १७ सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिदिन. दख्खनच्या माळावरचा माळढोक आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. वाटेत त्याने हिंगोलीची, म्हणजे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच असलेल्या मुलखाची, शेते ओलांडली. त्याला पाहून लोक चकित झाले; पण कोण्या एके काळी वाघ येथे नवलाचा नव्हता, हे सांगायला किती जण उरले आहेत?

म्हणूनच माझी विनंती आहे. जिंतूरच्या डोंगरात, गोदावरी-पूर्णेच्या काठी किंवा दुधनेच्या खोऱ्यात कोणते जनावर कोणत्या साली दिसत होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून काढा. येलदरीचे धरण व जायकवाडीचा कालवा येण्यापूर्वीचा माळ कसा होता, हरणांचे कळप किती मोठे असत, हाक्याला कोणत्या वस्तीतील माणसे येत, हे सारे लिहा. ज्याला आपण बढाया समजून हसतो, त्या शिकारकथांत या जिल्ह्याच्या निसर्गाचा न लिहिलेला इतिहास आहे. सांगणाऱ्याबरोबर तो दफन होऊ देऊ नका.

पालकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगणेही जरूर आहे. रायफल आजोबांची असली आणि ती चालत नसली, तरी परवान्याशिवाय घरात ठेवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. परवानाधारकाचे निधन झाल्यावर वारसांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग आपल्या नावे अर्ज करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू मुलांच्या गळ्याचा फास होऊ नये.

रायफल जमा करावी लागली तर खुशाल करा. तिचे बयान मात्र आधी उतरवून घ्या. वारसा नळीत नसतो, तो आपण काय लक्षात ठेवतो आणि काय शिकतो यात असतो. आपल्या पुढच्या पिढीच्या हाती दुर्बीण, वही आणि लेखणी आली, तर त्या जुन्या भिंतीवरची जागा रिकामी झाल्याचे कोणालाच दुःख होणार नाही.