‘बारोमास’ आणि घरची सरकी

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ कादंबरी 2002 साली आली. लेखक आमच्याच बुलडाणा जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, मग मी ती मागून आणली. पहिल्यांदा गोष्ट म्हणून वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती आमच्या भागाचा इतिहास म्हणून.

शिकलेला एकनाथ नोकरीसाठी द्यायला पैसा नाही म्हणून शेतीत अडकतो, त्याच्या बायकोचं, अलकाचं, मन त्या घरात रमत नाही. लोक याच दोघांवर बोलतात. मला मात्र वाचताना सारखं एकच दिसे, पेरणीच्या आधीच घरातून बाहेर जाणारा पैसा. हा पैसा कव्हापासून जायला लागला?

कारखाना आमच्याकडे नवा नाही. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवीत तिकडचा कापूस अडला अन् विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा आगगाडीचा फाटा झाला, तो मुख्यतः कापसासाठीच. पुढं खामगावात जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. पण तो कारखाना वावराच्या बाहेर होता. तो कापूस नेई. बियाणं घरचंच असे. माझी आजी सरकी शेणमातीत चोळून वाळवायची, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही अन् पेरताना मोकळा पडतो. त्या कामाला पैसा लागत नव्हता, फक्त आजी लागत होती.

1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-4 हा कापसाचा पहिला संकरित वाण आला. पीक चांगलं, पण त्याची सरकी ठेवून पुढच्या साली तसं पीक येत नाही. इथं कारखाना धुऱ्याच्या आत आला. 1972 पासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी होती. चुकाऱ्याला उशीर होई, तरी भाव आधी ठाऊक असायचा. 2002 च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, अन् त्याच सुमारास एकाधिकारही मोडीत निघाला. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट 1600 रुपयांच्या आसपास होतं. बोंडअळी त्यानं काही वर्षं थांबवली, हे खोटं नाही. फवारे कमी झाले. पण पाकीट दरसाल नवं. अन् नेमकी त्याच साली ही कादंबरी छापली जावी, याला मी निव्वळ योगायोग म्हणत नाही. लिहिणाऱ्यानं आधीची पंधरा-वीस सालं डोळ्यानं पाहिली होती.

माझा मोठा पोरगा बी.एड. झाला. एका संस्थेनं सांगितलेला आकडा आमच्या दोन एकरांच्या किमतीएवढा होता. मी वावर विकलं नाही. आता तो तालुक्याला कृषी केंद्रात कामाला आहे, पाकिटं विकतो. ‘बारोमास’ त्यानंही वाचली. एका रात्री म्हणाला, “बाबा, दोन एकर तव्हा इकले असते तं?”

“तं तू मास्तर झाला असता, अन् लहान्याच्या वाट्याले काय उरलं असतं?”

“लहान्याले तरी आता काय उरते? पाकिटं तं तो माह्याच दुकानातून उधार नेते.”

उधारीची वही त्याच्याजवळच होती. मी आकडा विचारला. त्यानं सांगितला.