नावापुरता मासा

‘क्रेफिश’मध्ये मासा शोधायला जाऊ नये. गोड्या पाण्यातला, दहा पायांचा, पुढे दणकट नांग्या असलेला हा प्राणी खेकड्या-कोळंब्यांच्या गोतावळ्यातला. त्याचं जुनं फ्रेंच नाव इंग्रजांच्या तोंडी ‘क्रेव्हिस’ झालं आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यातल्या ‘व्हिस’चा ‘फिश’ झाला. पाण्यात राहतो ना, मग मासाच! याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. याच इंग्रजीत आपला बोंबील ‘बॉम्बे डक’ म्हणजे बदक झाला. (डाकगाडीतून बोंबील जात म्हणून ‘डक’, ही गोष्ट चवीने सांगतात, पण मुंबईची आगगाडी १८५३ची आणि शब्द त्याआधीच छापलेला सापडतो.)

फ्रेंचांनी तरी क्रेफिशचा तो शब्द जर्मन कुळातूनच उचललेला. आजचा जर्मन ‘क्रेब्स’ त्याचाच भाऊबंद. खेकडा, क्रेफिश, कर्क राशी, कर्करोग, सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो. मध्ययुगीन युरोपातल्या चित्रांत कर्क राशीच्या जागी कित्येकदा शेपटीवाला क्रेफिशच दिसतो, तो उगाच नाही. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसनेही १७५८मध्ये त्याला ‘कॅन्सर अस्टॅकस’ म्हटलं. पुढे ‘कॅन्सर’ गळालं आणि उरलं ‘अस्टॅकस अस्टॅकस’. ग्रीकमध्ये अस्टाकोस म्हणजे समुद्रातला लॉबस्टर. ओढ्यातल्या जिवाला समुद्राचं नाव, तेही दोनदा!

भारतात मूळचा क्रेफिश नाही, म्हणून मराठीत शब्दही नाही. ‘गोड्या पाण्यातली शेवंड’ म्हणावं, तर शेवंडीला नांग्याच नसतात. ‘क्रेफिश’च बरा.

लिनीयसच्या या क्रेफिशला इंग्रजी-जर्मनमध्ये ‘उमदा’ असं विशेषण आहे. एके काळी युरोपभर मुबलक असलेला हा उमदा प्राणी आज आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. घात केला तो बुरशीसारख्या एका जलजीवाने फैलावणाऱ्या साथीने. ती मूळची अमेरिकेतली. १८६०च्या आसपास इटलीत उतरली, १९०७मध्ये स्वीडनला पोचली. रिकाम्या झालेल्या पाण्यात स्वीडनने १९६०मध्ये अमेरिकेतूनच ‘सिग्नल’ क्रेफिश आणून सोडले. नांगीच्या सांध्यावरचा पांढुरका ठिपका झेंडीसारखा दिसतो, म्हणून ते नाव. हे पाहुणे रोग अंगावर बाळगतात, स्वतः सहसा मरत नाहीत. औषध म्हणून दुखणंच आणलं म्हणायचं!

ऑगस्टमधल्या स्वीडिश मेजवान्यांत शेपूसोबत उकळलेले क्रेफिश अजूनही असतात. उकळल्यावर दोन्ही जाती लालभडक होतात आणि जेवणारे दोहोंनाही ‘क्रेफ्ता’च म्हणतात. वेगळं सांगायचंच झालं, तर मूळच्याला ‘फ्लूदक्रेफ्ता’, म्हणजे नदीचा.