सोनघंटा

सोनघंटा (अबुटिलॉन रानडेई) : कापूस, भेंडी व जास्वंद ज्या माल्व्हेसी कुलातील, त्याच कुलातील, महाराष्ट्राच्या सह्याद्रीखेरीज जगात अन्यत्र नैसर्गिक अवस्थेत न आढळणारे दुर्मिळ झुडूप. उंची साधारणतः दोन ते तीन मीटर. पाने हृदयाकृती, टोकाशी निमुळती व लवदार. फुले लोंबती, घंटेच्या आकाराची, पिवळसर नारिंगी, आणि पाकळ्यांवर तांबूस-जांभळ्या शिरांची जाळी उमटलेली. बहर हिवाळ्यात येतो, आणि कड्याच्या काठावर कोवळ्या उन्हात डोलणारे हे फूल ज्याने एकदा पाहिले, त्याला नावाची सार्थकता निराळी सांगावी लागत नाही. घंटीमुद्रा हे त्याचे दुसरे नाव. त्यातील ‘मुद्रा’ हा शब्द गावठाणाच्या पडीत जागी व बांधांवर तणासारख्या वाढणाऱ्या, शिक्क्यासारख्या फळाच्या मुद्रा ऊर्फ पेटारी या वनस्पतीशी त्याचे सगोत्रत्व दर्शवितो. वैद्यांची अतिबला म्हणजे हीच पेटारी.

अबुटिलॉन हा शब्द मूळचा अरबी, इब्न सिनाच्या काळापासून चालत आलेला. रानडेई हे मात्र एका मराठी आडनावाचे लॅटिन रूप. रानडे नावाच्या वनस्पतिसंग्राहकाने कोल्हापूर प्रांतीच्या आंबा घाटात हे झुडूप गोळा केले, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे वुड्रो व क्यू उद्यानातील वनस्पतिज्ञ ऑटो स्टाप्फ यांनी १८९४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करताना संग्राहकाचेच नाव त्यास दिले. ज्या काळी शिंदळ माकुडीसारख्या अस्सल मावळी वनस्पतीलाही बार्टल फ्रियर या मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून फ्रेरिया म्हणण्याचा परिपाठ होता, त्या काळी डोंगर पायी तुडवून नमुने आणणाऱ्या एतद्देशीय माणसास हा मान मिळाला, ही गोष्ट आवर्जून नमूद करण्याजोगी आहे.

बेट हा शब्द मराठीत केवळ समुद्रवेष्टित भूमीपुरता नाही. बांबूचेही बेट असते, आणि त्याच न्यायाने कोल्हापूर, सातारा व पुणे या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर सोनघंटेची जी एकमेकींपासून तुटलेली, मधल्या शेतांनी, रस्त्यांनी व वस्त्यांनी वेढलेली ठाणी उरली आहेत, ती बेटेच होत. हवाई द्वीपसमूहातील कोओलोआ उला, म्हणजे अबुटिलॉन मेन्झिसाय, हे तिचे तांबड्या फुलांचे सगोत्र भावंड खऱ्या अर्थाने बेटावरचे. अमेरिकेच्या सरकारने १९८६ साली त्याचा संकटग्रस्त वनस्पतींत समावेश केला. रानातून जवळजवळ हद्दपार झालेले ते झुडूप तेथील लोक आज आपापल्या परसांत लावतात. सोनघंटाही अतिसंकटग्रस्त गणली गेली आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात घाटातील दुर्मिळ वनस्पतींच्या संवर्धनाचे जे कार्य चालते, तसे कार्य घरोघरच्या परसांतही का होऊ नये, हा प्रश्न रास्त आहे.

असा प्रयोग देवळ्याच्या परसात करायचा, तर एक गोष्ट आधी ध्यानी घ्यावी: देवळा हे सोनघंटेच्या मायभूमीहून फार निराळे गाव. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा मिळून ज्यास कसमादे म्हणतात, तो हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आंबा घाटात कोसळणाऱ्या पावसाचा अल्प अंशच येथे पडतो, आणि फाल्गुन सरताच कोरडे वारे सुरू होऊन चैत्र-वैशाखात दुपार होरपळून काढते. थंडीची या झुडपास धास्ती नाही. खरा शत्रू उन्हाळ्याची कोरडी हवा. यास्तव जागा निवडताना पश्चिमेकडून भिंतीचा आडोसा व पूर्वेकडून सकाळचे ऊन, एवढी एक गोष्ट साधली तरी निम्मे काम झाले असे समजावे. ज्यांच्या घराजवळ कांदाचाळ आहे त्यांना तिच्या पूर्वेकडील पट्टी, जेथे तिसऱ्या प्रहरी सावली पडते व चाळीच्या फटींतून वारा खेळता राहतो, याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

दुसरी अडचण मातीची. काळ्या चिकण जमिनीत पावसाळी पाणी तुंबून मुळे कुजतात, आणि चुनखडीच्या जमिनीत लोह झाडास मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून हातभर रुंद व तेवढाच खोल खड्डा घेऊन तळाशी दगडगोटे, त्यावर मुरूम, तांबडी माती व कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण भरावे. कड्याच्या खाचेतील माती अशीच पातळ, निचऱ्याची व पाचोळ्याने समृद्ध असते. विहिरीचे पाणी जड असेल तर पावसाचे साठविलेले पाणी घालणे इष्ट. उन्हाळ्यात बुंध्याजवळ सच्छिद्र मडके पुरून ते भरलेले ठेवावे व वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. गिरणा नदीच्या काठी पाचट विकत घ्यावे लागत नाही.

रोप बियांपासून किंवा छाट कलमापासून करता येते. बियांचे कवच कठीण असल्याने बी खरखरीत कागदावर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे. छाट पावसाळ्याच्या आरंभी, अर्धपक्व फांदीचा, वीतभर लांबीचा घ्यावा. डाळिंबाच्या गुटी बांधून सरावलेल्या येथील हातांना त्यात नवे असे काही नाही.

कुलधर्माप्रमाणे कीडही कुलाचीच येते. ज्या पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर केवडा पडतो ती, कपाशीवरचा लाल ढेकण्या आणि पिठ्या ढेकूण यांवर नजर ठेवावी, व झाड भेंडीच्या वाफ्यापासून दूर लावावे. शोभेच्या परदेशी अबुटिलॉनच्या संकरित जाती त्याच परसात मुळीच नसाव्यात. संकर झाल्यास बी दिसण्यास सोनघंटेचे राहील, वाण मात्र शुद्ध राहणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा तपशील. राखीव जंगलातून परवान्यावाचून झाड, फांदी वा बी आणणे हा १९२७च्या वन कायद्यान्वये गुन्हा आहेच, परंतु शिक्षेच्या भयापेक्षा मोठे कारण असे, की जेथे मोजकी झाडे उरली आहेत तेथून एक उपटणे म्हणजे ठाणे उठविण्यास हातभार लावणे होय. रोप संवर्धन करणाऱ्या उद्यानाकडूनच घ्यावे आणि त्याचा दाखला जपून ठेवावा. एकाच झाडाचे छाट घेऊन केलेली शंभर रोपे वंशदृष्ट्या एकच झाड असतात. म्हणून शक्य तर निरनिराळ्या मातृझाडांच्या बियांची दोन-तीन रोपे लावावीत. परसातली रोपे कोणीही स्वतःच्या मर्जीने घाटात नेऊन लावू नयेत. तो निर्णय वनखात्याचा व तज्ज्ञांचा. फळाच्या फोडी वाळून सुटू लागताच त्या कागदी पाकिटात घ्याव्यात व पाकिटावर मातृझाडाचा क्रमांक, रोप आणल्याचे ठिकाण व बी उतरविल्याची तारीख लिहावी. नोंद नसलेले बी संवर्धनाच्या दप्तरी जमा होत नाही.