पहिल्या भाषेचा कान

मुलचेरा तालुक्यात मी मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पुण्याकडची मराठी माझ्या जिभेवर आणि लाल शाईचं पेन खिशात होतं. श्रुतलेखनात मी ‘पाणी’ सांगायचो. अर्ध्या वर्गाच्या वहीत ‘पानी’ उतरायचं. मी मार्क कापायचो. मोठ्यानं वाचताना एका मुलीला वर्ग हसला, मीही हसलो. त्या दिवसापासून तिनं वाचायला उभं राहणंच सोडलं.

वर्गात दोन तऱ्हेची मुलं होती. काही इथलीच, झाडीबोली बोलणारी. काही बंगाली घरांतली. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या. तिथून आलेल्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबांना पुढच्या काळात या जंगलपट्ट्यात वसवण्यात आलं. गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. तोवर हा सारा मुलूख चंद्रपूरचाच. नद्यांच्या मुलखातली माणसं सागाच्या रानात शेती करू लागली. भात रुजला, भाषाही टिकली.

झाडीबोलीत ‘ण’ची जागा ‘न’ घेतो. बंगालीत ‘ण’ लिहितात, पण उच्चारतात ‘न’च. म्हणजे वाटा दोन, चूक एक. आणि ती निष्काळजीपणाची नव्हती.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मी पुढे वाचले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता. वर्षाची होईतो बहुतेकांना तो कळेनासा झाला. घरच्या भाषेला जो फरक लागत नाही, तो कान सोडून देतो. जीभ अडखळते ती त्यानंतर.

मग एका बंगाली आजींनी मला चहा दिला. ‘चा’ म्हणाल्या, पण आपल्या ‘चमचा’तल्या ‘च’नं! पूर्व बंगालच्या बोलींत हा उच्चार आहे. कोलकात्याच्या प्रमाण बंगालीत नाही. जो ‘च’ हिंदी बोलणाऱ्यांना वर्षानुवर्षं जमत नाही, तो या मुलांच्या तोंडी घरूनच आलेला होता. मी मात्र वर्षभर त्यांचा ‘ण’ तेवढा मोजत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी लाल पेन टेबलावर ठेवलं. फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘मन’ आणि ‘मण’. म्हटलं, आज लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. मी कुठला शब्द म्हणतो, ते बोटानं दाखवा. महिनाभर रोज पाच मिनिटं हा खेळ चालला. हळूहळू बोटं बरोबर शब्दाकडं वळू लागली.

आणि एका सकाळी ती मुलगी वाचायला उभी राहिली. ‘पानी’च म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.